अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेला सरकारी पैसा मिळावा, यासाठी सामान्य माणसानं मागायचं काय आणि कुणाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पक्षाघातानंतर वडील पूर्ण परावलंबी झाले, घरी जमेना म्हणून शुश्रूषा केंद्रात ठेवलं, महिन्याला तीस-बत्तीस हजार जातात आणि सरकारकडून एक दमडी मिळत नाही. हे असंच चालायचं का? मागणी करायची तर कुणाकडे?

मी एका धर्मादाय संस्थेच्या शुश्रूषा केंद्राचे हिशेब बघते. डॉक्टर नाही, वकीलही नाही. त्यामुळे पैशाच्या बाजूनं सांगते.

पहिलं म्हणजे, बत्तीस हजार ऐकून लूट वाटते, पण प्रत्येक वेळी ती लूट नसते. वीस रुग्णांचं केंद्र धरा, सगळे अंथरुणावर. सकाळ-दुपार प्रत्येक पाळीत चार मावशी-मामा आणि रात्री तीन, म्हणजे दिवसाला अकरा माणसं. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, गावची जत्रा हे सगळं धरलं तर पटावर तेरा लागतात. प्रत्येकाला पंधरा हजार दिले (आणि ही कामं पंधरा हजारांत करायला माणसं टिकत नाहीत, हे तुम्ही अशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांना विचारा), तर एक लाख पंच्याण्णव हजार झाले. माणशी पावणेदहा हजार. चार नर्स बावीस हजारांप्रमाणे धरल्या की माणशी आणखी चार हजार चारशे. दिवसाला तीन डायपर, पस्तीसला एक म्हटलं तर महिन्याचे तीन हजार दीडशे. डायपरवर सप्टेंबर 2025 पर्यंत 12 टक्के जीएसटी होता, आता 5 आहे, तेवढाच दिलासा. चहा-नाश्ता, दोन जेवणं, नळीवाटे द्यायचं पातळ अन्न यांचे साडेचार हजार. बेरीज एकवीस हजार आठशे. यात अजून भाडं नाही, वीज नाही, रोजच्या चादरींची धुलाई नाही, डॉक्टरची फेरी, फिजिओथेरपी, हवेच्या गादीचा पंप बिघडला तर तो, काहीच नाही.

आता दुसऱ्या बाजूला सरकार काय देतं ते बघा. महाराष्ट्राच्या श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये, तेही वय 65 च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत असेल तर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 60 ते 79 वयाला 200 आणि 80 च्या पुढे 500 रुपये आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच 3,000 रुपये मिळतात, काठी, चष्मा, कमोडची खुर्ची असल्या साधनांसाठी. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं कवच आहे, उत्पन्नाची अट नाही. योजना चांगली आहे, वाईट बोलणार नाही. पण ती दवाखान्यात भरती झाल्यावरची. घरी सोडल्यानंतरचा खर्च पंधरा दिवसांपुरता धरला जातो. पक्षाघाताचा माणूस सोळाव्या दिवशी चालायला लागत नाही.

म्हणजे सरकारचा पैसा दोन टोकांना आहे. एका टोकाला इस्पितळ: राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्षसुद्धा आहे. दुसऱ्या टोकाला निराधारांसाठी वृद्धाश्रम. 1995 नंतर आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत मातोश्री वृद्धाश्रम झाले ते आठवत असतील. पण कुठल्याही वृद्धाश्रमाचा प्रवेश अर्ज मागून बघा. बहुतेक ठिकाणी एक अट ठळक असते: अर्जदार स्वतःचं स्वतः करू शकणारा हवा. उभा असलेला म्हातारा चालतो, आडवा नाही. आत असलेला आडवा झाला तर नातेवाइकांना फोन जातो, "घेऊन जा." वृद्धाश्रमवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे वर मांडलेली तेरा माणसं नाहीत आणि त्यांचे पगार द्यायला कुणी अनुदानही देत नाही.

मधली जागा रिकामी आहे. तुमचे वडील तिथेच आहेत.

कायद्यात काहीच नाही असं मात्र नाही, आणि मागणी करताना हे हाताशी असलेलं बरं. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याचं कलम 19 म्हणतं, की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम काढू शकेल. काढू शकेल. सक्ती नाही, मुभा आहे, आणि कुठल्याही राज्याचं अर्थखातं मुभेवर पैसे सोडत नसतं. डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अश्वनी कुमार खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत त्याची माहिती गोळा करायला सांगितलं, त्यावरून काय ते समजा. 2019 मध्ये या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यात वृद्धसेवा केंद्रं, घरी जाऊन शुश्रूषा देणाऱ्या संस्था, त्यांची नोंदणी, किमान दर्जा हे सगळं होतं. ते मंजूर झालं नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बुडालं. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत निराधारांच्या निवासांबरोबर सतत शुश्रूषा लागणाऱ्या आणि स्मृतिभ्रंश झालेल्या किमान वीस ज्येष्ठांच्या केंद्रालाही अनुदानाची तरतूद आहे. म्हणजे कल्पना नवी नाही. दिल्लीत कुणाला तरी ती सुचून कागदावर आलेली आहे, आपल्या जिल्ह्यात उतरलेली नाही एवढंच.

माझ्या मते सगळ्यात भक्कम आधार वेगळ्याच कायद्यात आहे, आणि ज्येष्ठ नागरिक संघांच्या निवेदनांत तो मला फारसा दिसत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 24. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना काळजीवाहू भत्ता द्यावा, असं त्यात नाव घेऊन म्हटलंय. पक्षाघातानं एक बाजू गेलेला पंच्याहत्तरीचा माणूस कायद्यानं दिव्यांग आहेच. वय झालं म्हणून तो त्यातून बाहेर पडत नाही. फक्त आपण त्याला "म्हातारपण" म्हणून सोडून देतो आणि प्रमाणपत्र काढत नाही. तिथेही "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" ही पळवाट आहे. तरी कलम 19 पेक्षा हे कलम मागणीला जवळचं आहे, कारण ते पैसा इमारतीला नाही, माणसाला द्यायला सांगतं.

आणि मागायचं तेच. नवीन वृद्धाश्रम मागू नका. इमारत मागितली की भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, आणि पाच वर्षांनी खिडक्यांची तावदानं फुटलेली असतात. परावलंबित्वाच्या पातळीप्रमाणे दरडोई मासिक रक्कम मागा, जी माणसाच्या मागे जाईल: तो केंद्रात असेल तर केंद्राला, घरी असेल तर घरी. स्वतः जेवतो पण चालत नाही, त्याला एक दर. जेवण नळीनं, लघवी कॅथेटरनं, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, त्याला दुसरा. जपाननं 2000 साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा आणला तो याच पद्धतीनं: आधी माणसाची तपासणी, त्यावरून पातळी, पातळीवरून रक्कम. निम्मा पैसा करातून आणि निम्मा चाळिशीपुढच्या लोकांच्या हप्त्यांतून. जर्मनीचा असा विमा 1995 चा, तिथे घरी सांभाळणाऱ्यांनाही रोख पैसे मिळतात. या देशांइतका पैसा आपल्याकडे नाही हे उघड आहे. पण पातळी ठरवायला काही पैसा लागत नाही. ती ठरली तर निदान कळेल तरी, की तालुक्यात आडवी माणसं आहेत किती.

"आपल्याला परवडणार नाही" याला माझं उत्तर केरळ आहे. केरळनं 2008 मध्ये उपशामक सेवेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणारी सेवा) धोरण केलं आणि ते पंचायतींच्या गळ्यात घातलं. पंचायतीच्या निधीतून नर्स नेमली जाते, ती अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी फेरी मारते, कॅथेटर बदलते, बेडसोअर धुते, घरच्यांना शिकवते. सोबत गावातले स्वयंसेवक. आश्वासकिरणम नावाच्या योजनेत अंथरुणावरच्या रुग्णाला सांभाळणाऱ्या व्यक्तीला महिन्याला 600 रुपये ठरलेत. सहाशेत काय होतं? डायपरचा आठवडाही जात नाही. पण बायकोनं, सुनेनं, मुलीनं केलेल्या कामाला सरकारी कागदावर नाव मिळालं, आणि रक्कम वाढवा म्हणून भांडायला जागा झाली. आपल्याकडे ती जागाच नाही. आणि केरळची गोष्टच वेगळी म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. ग्रामपंचायती आपल्याकडेही आहेत, आशाताईही आहेत.

एक आक्षेप तुम्हाला हमखास ऐकू येईल, बहुधा एखाद्या नगरसेवकाकडूनच: "सरकारनं पैसे दिले तर मुलं आईबापांना आणून टाकतील." मला हा आक्षेप पटत नाही. टाकणारे आजही टाकतात, एसटी स्टँडवर टाकतात, सिव्हिलमध्ये खोटा पत्ता देऊन टाकतात. मग त्या म्हाताऱ्याला न्यायला कुणी येत नाही म्हणून तो महिनोन्महिने रुग्णालयाची खाट अडवून बसतो. तो खर्च सरकारच करतं, फक्त चुकीच्या खात्यातून. 2007 च्या कायद्यात मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत चरितार्थ मिळवून देण्याची तरतूद आहे, प्रांताकडे अर्ज करायचा असतो. आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिने कैदही आहे. ते राहू दे की. आमच्या केंद्रात येणारे बहुतेक लोक टाकायला आलेले नसतात. सत्तरीची बायको पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला दोन वर्षं उचलून उचलून तिचीच कंबर गेली, मग येतात. तोवर शेतीचा एखादा तुकडा विकून झालेला असतो.

आता जीएसटीची एक गोष्ट. ही बारीक आहे, पण खासदाराला विचारण्यासारखी आहे. धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमाला साठीपुढच्या रहिवाशांकडून घेतलेल्या शुल्कावर जीएसटी माफ आहे, पण माणशी महिना 25,000 रुपयांपर्यंतच. ही मर्यादा 2018 ची. वरचा हिशेब पुन्हा बघा: अंथरुणावरच्या माणसाचा नीट सांभाळ करायचा तर पंचवीसच्या आत राहणं अवघड. म्हणजे जो कमी काळजी घेतो तो सवलतीत, आणि जो नर्स ठेवतो तो सवलतीबाहेर. मग रुग्णसेवा म्हणून तरी जीएसटी माफ व्हावा यासाठी केंद्राला आपण रुग्णसेवा देतो हे सिद्ध करत सल्लागारांच्या दारात उभं राहावं लागतं. अंथरुणावरच्या रहिवाशांसाठी ही मर्यादा काढा, एवढी एक मागणी जीएसटी परिषदेत आपले अर्थमंत्रीसुद्धा मांडू शकतात.

तुमच्यापुरतं लगेच होण्यासारखं: वडिलांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. ते हातात आलं की दोन दारं उघडतात. एक, आयकर. तुम्ही जुन्या कररचनेत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांच्या उपचार-शुश्रूषेसाठी 75,000 ची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000 ची वजावट मिळते. 80डीडी म्हणून ती ओळखली जाते. नव्या कररचनेत ती नाही. दोन, तुमची ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका. स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचं बंधन त्यांच्यावर आहे. बऱ्याच ठिकाणी तो मार्च उजाडला की घाईघाईनं घरघंट्या वाटून संपवला जातो. त्यातून अंथरुणावरच्या रुग्णांना डायपर, हवेची गादी किंवा शुश्रूषेसाठी मासिक मदत द्या, असा लेखी अर्ज ग्रामसभेत किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे द्या. एकट्यानं देऊ नका. गल्लीत, वाडीत अशी आणखी चार घरं असतातच.

मोठ्या मागणीसाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन द्या आणि प्रत आमदारांना. अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो, खात्यांची आकडेमोड त्याच्या कितीतरी आधी सुरू होते, त्यामुळे दिवाळीच्या आसपास दिलेलं निवेदन फेब्रुवारीतल्या मोर्चापेक्षा उपयोगी. ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, फेस्कॉम, राज्यभर आहे; तुमच्या गावातल्या संघाच्या लेटरहेडवर हे गेलं तर वजन येतं. आमदाराला भाषण नको असतं, प्रश्न हवा असतो, विधानसभेत तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावं असा, टाकता येईल असा.

तो प्रश्न तयार करायला आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, सहायक आयुक्तांच्याच कार्यालयात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच: जिल्ह्यात कलम 19 खालचा वृद्धाश्रम आहे का आणि त्याची क्षमता किती, अनुदान मिळणाऱ्या वृद्धाश्रमांत सध्या किती रहिवासी अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्या शुश्रूषेसाठी नर्स व काळजीवाहकांची किती पदं मंजूर आहेत, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत अटल वयो अभ्युदय योजनेखाली सतत शुश्रूषा केंद्रासाठी जिल्ह्यातून किती प्रस्ताव वर पाठवले. उत्तरात "निरंक" आलं तरी तो कागद फेकू नका, आमदारांना द्यायचा तोच आहे.