इंटरनेट कॉलिंग सॉफ्टवेअरचे पॅकेजिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर जामी हे इंटरनेट कॉलिंग सॉफ्टवेअर नीट कंपाइल होते (सोर्स कोडमधून चालवण्याजोगे बनते). मग तेच डेबियन या लिनक्स प्रणालीचे पॅकेज (बसवण्यासाठी तयार संच) म्हणून का देऊ नये? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या लॅपटॉपवर आधीच्या प्रयोगांतून बऱ्याच लायब्रऱ्या (इतर सॉफ्टवेअरला लागणारे तयार कोड-संच) बसलेल्या असतात, आणि त्यांपैकी एखादीची नोंद कंट्रोल फाइलमध्ये (पॅकेजला काय काय लागते ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) करायची राहिली, तर इतरत्र बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर तयार होणे, अडते. म्हणून एसबिल्ड हे डेबियनचे बिल्ड करण्याचे साधन वापरून कोऱ्या वातावरणात, इंटरनेट बंद ठेवून बिल्ड करून पाहावे. जामीची बिल्ड-व्यवस्था लागणारा सोर्स ऐनवेळी उतरवून घेऊ शकते. डेबियनच्या धोरणात मात्र मुख्य विभागातील पॅकेजला बिल्ड होताना नेटवर्क वापरण्यास मनाई आहे.

प्रश्न : जामीसोबत पीजेसिप या इंटरनेट कॉलसाठीच्या लायब्ररीची बदललेली प्रत येते. ती काढावी की ठेवावी? (नेटवर्क व्यवस्थापक, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी)

उत्तर : पॅकेजिंगमधील खरी जबाबदारी इथेच आहे. ओपससारख्या (आवाज लहान आकारात साठवणाऱ्या) लायब्रऱ्या डिस्ट्रोतूनच, म्हणजे डेबियनच्या स्वतःच्या संग्रहातूनच, घ्याव्यात, हे सरळ आहे. पीजेसिपचे तसे नाही, कारण टीसीपीवरून थेट जोडणी करण्यासाठी जामीने तिच्यात स्वतःचे पॅच (कोडमधील बदल) घातले आहेत आणि मूळ लायब्ररीवर ते काम भागत नाही. पण ही लायब्ररी अनोळखी संगणकांकडून आलेला मजकूर वाचते, त्यामुळे तिच्यातील त्रुटी फार धोक्याची ठरते. २०२२ मध्ये पीजेसिपमधील अशा त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा मूळ लायब्ररी दुरुस्त झाली तरी सॉफ्टवेअरच्या पोटातील प्रती आपोआप दुरुस्त होणार नव्हत्या. प्रत्येक मेंटेनरने (पॅकेज सांभाळणाऱ्याने) आपली प्रत स्वतंत्रपणे तपासणे भाग होते. माझ्या मते प्रत ठेवावी, परंतु डेबियनच्या सुरक्षा पथकाकडे अशा प्रतींची जी यादी असते तिच्यात नोंद करावी आणि जामीचे पॅच मूळ पीजेसिपमध्ये जावेत यासाठी सातत्याने पाठपुरावा करावा. हे काम कंटाळवाणे आहे, तरी वापरणाऱ्याची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.

प्रश्न : लिनफोन या इंटरनेट कॉलिंग अ‍ॅपवर रिंग वाजते, पण आवाज एकाच बाजूने येतो. दोष पॅकेजचा का? (होटगी रस्ता)

उत्तर : बहुधा नाही. कॉल जुळवण्याचे काम सिप हा प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचा नियमसंच) करतो, आवाज मात्र आरटीपी या दुसऱ्या प्रोटोकॉलने वेगळ्या वाटेने जातो. राउटरमागील खासगी आयपी पत्ता पलीकडे कळवला गेला, की तिकडचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही. दोन्ही उपकरणे एकाच वाय-फायवर ठेवून कॉल करून पाहा. तिथे दोन्हीकडे आवाज आला, तर बग नोंदवण्यापूर्वी स्टन सर्व्हरची (आपला बाहेरून दिसणारा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) सेटिंग तपासा.