गुणाकाराला हात घालण्याआधी

प्रिय मित्रा,

मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या ऑडिट टीममध्ये गेलास, छान झालं. डॉक्टरांच्या क्लेमवर, म्हणजे बिलांवर, जादा पैसे गेले का ते थोडे क्लेम तपासून सगळ्यांसाठी ठरवायचं, हे तुझं काम. फोनवर म्हणालास, सॅम्पलिंग म्हणजे शेवटी शितावरून भाताची परीक्षाच. घरी ठीक आहे रे, तिथे भात एकाच पातेल्यात असतो. मेडिकेअरच्या क्लेमांच्या यादीत साठ डॉलरची साधी तपासणी आणि हजारोंची शस्त्रक्रिया मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात. म्हणून आधी रकमेप्रमाणे गट पाड, मग प्रत्येक गटातून रँडम नमुना काढ. अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाचं 'रॅट-स्टॅट्स' हे नमुना काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातला सीड नंबर, म्हणजे रँडम निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो, मात्र जपून ठेव. तोच नमुना दुसऱ्याला पुन्हा काढता आला नाही, तर अपिलात बोलायला तोंड राहत नाही.

खरी मेहनत यादीवर कर. पहिल्या वर्षी मी सरासरी काढली क्लेममागे आणि गुणली क्लेममधल्या ओळींच्या संख्येनं. प्रत्येक सेवेची वेगळी ओळ, म्हणजे एकेका क्लेमला तीन-चार ओळी! आकडा बघून साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

आता समज, ४,००० क्लेममधले १०० तपासलेस. जादा दिलेली रक्कम क्लेममागे सरासरी ४२ डॉलर निघाली, स्टँडर्ड डेव्हिएशन (रकमा सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत त्याचं माप) ९०. सरळ गुणाकार येतो १,६८,००० डॉलर. मागणी करायची सुमारे १,२२,००० ची, कारण मेडिकेअरमध्ये ९० टक्क्यांच्या एकतर्फी कॉन्फिडन्स इंटरव्हलची खालची मर्यादा, म्हणजे खरी रक्कम याहून कमी नसावी असा ९० टक्के भरवसा देणारा आकडा, धरायची रीत आहे. नमुना लहान, तर ही मर्यादा आणखी खाली जाते. म्हणजे अंदाज ढोबळ असल्याचा फायदा डॉक्टरला. कमी पैसे दिलेला क्लेम सापडला, तर तोही उणे धरून बेरजेत घे. हे पुष्कळजण सोयीस्करपणे विसरतात.

याच हिशेबात तुझा एक क्लेम चाळीस क्लेमांचं ओझं वाहतो. ३०० डॉलरचा एखादा घाईत नाकारलास आणि अपिलात तो मंजूर झाला, की गुणाकारातले १२,००० गेलेच. सही दिसत नाही म्हणून लगेच फुली मारू नकोस; उपचाराच्या नोंदींवर सही राहिली असेल, तर डॉक्टरचं लेखी निवेदन मागाहून चालतं.

आणि हो, २००३ च्या कायद्यानुसार एक्स्ट्रापोलेशन, म्हणजे नमुन्यावरून सगळ्या क्लेमांचा असा हिशेब, सरसकट करता येत नाही. चुका सातत्यानं किंवा मोठ्या प्रमाणात हव्यात, नाहीतर समजावून सांगूनही सुधारणा झाली नाही याची नोंद हवी. तो कागद फाइलीत आहे का, ते पहिल्याच दिवशी बघ.

तुझी पहिली यादी तयार झाली की मला आकडे कळव. क्लेम किती, ओळी किती, वेगवेगळे.

तुझा,
दादा