मिक्सिंगसाठी महागडा ईक्यू प्लगिन घ्यावा, की रीपरसोबत येणारा पुरतो?

आपण विचारले आहे की घरच्या स्टुडिओसाठी फॅबफिल्टर प्रो-क्यू हा ईक्यू (आवाजातल्या खर्ज-तार पट्ट्यांचे प्रमाण कमी-जास्त करणारे साधन) विकत घ्यावा की रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीईक्यूवर भागवावे. माझ्या मते रीईक्यू पुरतो, आणि प्लगिनवर पैसे घालण्याआधी आपण मिक्स करता ती खोली मोजावी. याच प्रश्नावरून माझी आणि माझ्या तेव्हाच्या भागीदाराची फारकत झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या माझ्या घरी, दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये, आम्ही एका भजनी मंडळाचे अभंग मिक्स करत होतो. पखवाजाच्या डाव्या पुडीचा घुमारा मला सतत अंगावर आल्यासारखा वाटे, म्हणून मी रीईक्यूने ५६ हर्ट्झच्या आसपास ६ डेसिबल उतरवले. मंडळाच्या बुवांनी मिक्स गाडीत ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला, "अहो, पखवाजाची डावी बाजू गेली कुठे?" बुवांचे बरोबर होते. भागीदाराने मात्र निदान केले की सोबत फुकट येणाऱ्या प्लगिनला वजनच नसते, आणि त्याच्या आग्रहाखातर मी महागडा प्लगिन घेतला. त्यावरही पखवाज तसाच पोकळ राहिला.

शेवटी मी एकाच ट्रॅकच्या दोन प्रती घेतल्या, दोन्ही प्लगिनमध्ये हुबेहूब सारखा वक्र (कोणती पट्टी किती उतरवली याचा आलेख) बसवला, एका प्रतीची पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे सारखे असेल ते एकमेकांना खोडून टाकेल, आणि दोन्ही एकत्र वाजवल्या, तेव्हा जवळजवळ शांतता उरली. म्हणजे दोन्ही प्लगिन तेच काम करत होते. (क्यूचे, म्हणजे पट्टीच्या रुंदीचे, आकडे सारखे ठेवून भागत नाही, कारण प्रत्येक प्लगिन ते आपल्या पद्धतीने मोजतो, वक्रच जुळवावा लागतो.) भागीदाराला जे 'वजन' ऐकू येत होते, ते त्याच्या सेटिंगमध्ये आवाजाची पातळी सुमारे १ डेसिबलने वर असल्यामुळे येत होते. हे त्याने कधीच मान्य केले नाही.

खरा दोष खोलीचा होता. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, ध्वनीचा वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरून त्याला लांबीच्या दुपटीने भागले की ५६ हर्ट्झ येतात. लांबी आणि रुंदी सारखीच असल्याने तो अनुनाद दोन्ही दिशांनी एकाच वारंवारतेवर साचत होता, आणि भिंतीला टेकून बसल्यामुळे, जिथे दाब सर्वाधिक असतो, तिथेच माझे कान होते. मला जो जादा घुमारा ऐकू येत होता, तो मुळात रेकॉर्डिंगमध्ये नव्हताच. टेबल पुढे ओढले, हेडफोनवर पडताळणी सुरू केली आणि रीईक्यूवरच तो अभंग पुन्हा मिक्स केला; बुवांनी तो एका फेरीत मंजूर केला.

प्रो-क्यू वाईट आहे असे मात्र माझे म्हणणे नाही. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपासून डायनॅमिक बँड (ती पट्टी जोरात वाजेल तेव्हाच काम करणारे) आहेत, आणि गायिकेचा आवाज फक्त तार सप्तकातच टोचत असेल तर ते फार उपयोगी पडतात; पण तेवढ्यासाठी टीडीआर नोव्हा मोफत मिळतो. पुलटेकसारख्या जुन्या ईक्यू यंत्रांच्या सॉफ्टवेअर नकला थोडी विकृतीही मिसळतात, त्यामुळे त्यांची निवड ही आवडीची बाब आहे. काही ईक्यूंमधला लिनियर फेज मोड (सगळ्या पट्ट्यांना सारखाच उशीर लावणारा) टाळ आणि पखवाजावर शक्यतो वापरू नये, कारण त्यात ठोक्याच्या आधीच पुसटसा घुमारा ऐकू येऊ शकतो. कोणताही डेमो ऐकताना आधी दोन्हींची पातळी जुळवून घ्यावी, आणि कोणी घाई केली तरी त्याआधी पैसे देऊ नयेत.