वाचकांचे प्रश्न : मायग्रेन नेमका किती जणांना असतो?

प्रश्न : मायग्रेनविषयी वाचताना एका ठिकाणी शंभरात बारा, दुसरीकडे दर सातांमागे एक, तर तिसरीकडे दर चौघांमागे एक असे प्रमाण दिलेले आढळले. यांतले खरे कोणते? शिवाय हा विकार इतका सर्रास असेल, तर आमच्या कार्यालयातील चाळीस जणांपैकी केवळ एकीलाच तो असल्याचे मला माहीत आहे, हे कसे?

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत. फरक आहे तो कोणत्या लोकांना, काय आणि किती काळाबद्दल विचारले यात. शंभरात बारा हे प्रमाण अमेरिकेतील मोठ्या पाहण्यांमधून आलेले आहे. तेथे हजारो कुटुंबांकडे टपालाने प्रश्नावली पाठवून मागील वर्षभरात झालेल्या डोकेदुखीची लक्षणे विचारण्यात आली. दर सातांमागे एक हा निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेला जगाचा अंदाज आहे. २०१६ सालासाठी केलेल्या अशा मोजणीत मायग्रेन असलेल्यांची संख्या सुमारे १०४ कोटी निघाली होती. दर चौघांमागे एक हे प्रमाण कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतले असावे. त्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातील व्यक्तींनाच विचारले होते, म्हणजे ज्या वयात मायग्रेन कमी आढळतो ती लहान मुले आणि वृद्ध माणसे त्यात नव्हती. आणि निदानाची एखादी अट अपुरी राहिलेले, म्हणजे 'संभाव्य मायग्रेन' असलेले लोकही त्यात धरले होते. याउलट जपानमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आसपास होते.

काळाच्या मर्यादेने किती फरक पडतो, हे डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या पाहणीत स्पष्ट दिसते. तेथे प्रश्नावलीवर विसंबून न राहता डॉक्टरांनी प्रत्येकाशी प्रत्यक्ष बोलून निदान केले, म्हणून मला तिचे मोल अधिक वाटते. 'आयुष्यात कधी तरी मायग्रेन झाला का' या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणारे १६ टक्के निघाले, तर मागील वर्षभरापुरते विचारल्यावर तीच संख्या १० टक्क्यांवर आली. त्यामुळे कोणताही आकडा वाचताना तो वर्षभराचा आहे की आयुष्यभराचा, हे आधी पाहावे. ते न सांगता दिलेल्या टक्केवारीवर फारसे विसंबू नये.

मोजणीसाठी मायग्रेन कशाला म्हणायचे, हेही ठरलेले असावे लागते. डोकेदुखीच्या विकारांचे पहिले आंतरराष्ट्रीय वर्गीकरण १९८८ साली आले आणि त्यानंतरच एका देशाची दुसऱ्याशी तुलना करणे शक्य झाले. त्यातील अटी थोडक्यात अशा : असे किमान पाच झटके येऊन गेलेले असावेत, उपचार न केल्यास दुखणे ४ ते ७२ तास टिकावे, एकाच बाजूला दुखणे, ठणका लागणे, वेदना मध्यम किंवा तीव्र असणे आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने ती वाढणे, यांपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात, आणि सोबत मळमळ वा उलटी व्हावी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे व्हावेत. यावरून लक्षात येईल की दोन्ही बाजूंनी डोके दुखणाऱ्यालाही मायग्रेन असू शकतो, आणि कधी तरी अर्धे डोके दुखले एवढ्यावरून तो ठरत नाही.

आता आपल्या कार्यालयाविषयी. जागतिक सरासरी लावली तर चाळीस जणांत पाच-सहा जण तरी असायला हवेत, आणि बहुधा ते आहेतही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात ही माणसे पूर्णपणे ठणठणीत असतात, आणि झटक्याच्या दिवशी ती अंधाऱ्या खोलीत पडून असल्यामुळे आपल्याला दिसत नाहीत. अनेकांचे निदानच झालेले नसते. अमेरिकेसारख्या देशातही पाहणीत मायग्रेनच्या अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना डॉक्टरांनी तसे कधीच सांगितलेले नव्हते. यात आणखी एका कारणाची भर पडते आणि ते मला सर्वांत क्लेशकारक वाटते : डोके दुखते म्हणून रजा मागणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतात, म्हणून पुष्कळ जण खरे कारण सांगतच नाहीत. जो विकार २०१६ च्या जागतिक मोजणीत माणसाला अकार्यक्षम करणाऱ्या कारणांत दुसऱ्या क्रमांकावर होता, त्याची ही अवस्था आहे.

प्रश्न : मायग्रेन हा स्त्रियांचाच आजार आहे का? माझ्या दहा वर्षांच्या मुलाला तो असल्याचे डॉक्टर म्हणतात, यावर घरात कोणाचा विश्वास बसत नाही.

उत्तर : प्रौढांमध्ये पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत प्रमाण दुपटी-तिपटीने अधिक असते, अमेरिकेत स्त्रियांत सुमारे १८ टक्के, तर पुरुषांत ६ टक्के. मात्र वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यात असा फरक नसतो. मासिक पाळी सुरू झाल्यावर मुलींमधील प्रमाण वाढत जाते, कारण पाळीच्या आधी इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाची पातळी उतरते आणि ती घसरण अनेकींमध्ये झटक्याला निमित्त ठरते. तिशी-चाळिशीत प्रमाण सर्वाधिक असते आणि पुढे ओसरते. लहान मुलांमध्ये झटका थोडक्या वेळाचा असतो व दुखणे बहुधा कपाळावर दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे मोठ्यांना ते बहाणा वाटण्याची शक्यता असते. आपल्या मुलाच्या डॉक्टरांवर अवश्य विश्वास ठेवावा. आई किंवा वडिलांपैकी कोणाला हा त्रास आहे का, हेही त्यांना सांगावे, कारण मायग्रेनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

प्रश्न : धकाधकीच्या जीवनामुळे मायग्रेन वाढत चालला आहे, हे खरे का?

उत्तर : लोकसंख्येतील प्रमाणापुरते बोलायचे तर तसे दिसत नाही. अमेरिकेत १९८९, १९९९ आणि २००४ साली सारख्याच पद्धतीने पाहण्या झाल्या आणि तिन्ही वेळा प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपासच राहिले. रुग्णांची एकूण संख्या वाढते ती मुख्यतः लोकसंख्या वाढल्यामुळे. ताण आणि अपुरी झोप यांनी आधीच मायग्रेन असलेल्याला झटका येऊ शकतो, हे मात्र खरे आहे.

प्रश्न : मला महिन्यातून पंधरा-सोळा दिवस डोकेदुखी असते आणि जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी घ्यावी लागते. असे किती जणांना होते?

उत्तर : तीन महिन्यांहून अधिक काळ दर महिन्याला किमान १५ दिवस डोकेदुखी आणि त्यांपैकी किमान ८ दिवस ती मायग्रेनच्या स्वरूपाची असेल, तर त्याला दीर्घकालीन मायग्रेन म्हणतात. लोकसंख्येत त्याचे प्रमाण एक ते दोन टक्के आहे. आपल्या बाबतीत गोळ्यांचीच शंका अधिक येते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान गटातील (मायग्रेनचा झटका थांबवण्यासाठी दिली जाणारी) औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी काही महिने घेतली तर त्या औषधांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. डोकेदुखीचे आणि गोळीचे दिवस वहीत लिहून ती वही मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावी. झटके येऊच नयेत म्हणून रोज घेण्याची वेगळी औषधे असतात. मात्र दुखणे एकाएकी आणि पूर्वी कधी नव्हे इतके तीव्र झाले, सोबत ताप येऊन मान आखडली, बोलणे अडखळू लागले किंवा हातापायांतील शक्ती गेली, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.