१/२ + १/३ = २/५ का नाही? सहावीतल्या मुलीला अपूर्णांक कसे समजवावेत?

तुमची मुलगी विचारते, "वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, मग चुकलं कुठे?" प्रश्न रास्त आहे. गुणाकारात नेमकं हेच चालतं, तेव्हा बेरजेत का नाही याचं कारण तिला मिळायलाच हवं. नुसतं "समच्छेद कर" (दोन्हींचे छेद सारखे कर) म्हणून भागणार नाही.

आधी तिलाच उत्तर तपासू द्या. पाचाचे अर्धे अडीच, म्हणजे २/५ हे अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, असं होऊच शकत नाही. उत्तर साधारण केवढं येईल हे गणिताआधी बोलून दाखवायची सवय लागली, तर निम्म्या चुका तिच्या तिलाच सापडतील.

मग छेदाकडे वळा. छेद हे तुकड्याचं नाव आहे आणि अंश म्हणजे तसे किती तुकडे. ३/४ म्हणजे तीन पाव. तीन पाव आणि दोन पाव मिळून पाच पाव, म्हणजे सव्वा. इथे चार आणि चार आठ करावेत असं कोणालाच वाटत नाही, कारण 'पाव' हे नाव आहे. आपल्या भाषेतली ही सोय जरूर वापरा. पावणेतीन अधिक दीड किती, हे तोंडी विचारा: सव्वाचार. पावणेतीन म्हणजे तीनाला पाव उणे, हे मात्र आधी पक्कं करा. 'पाऊण' ऐकून बरीच मुलं ३ पूर्णांक ३/४ लिहितात.

अर्धा आणि तृतीयांश हे वेगळ्या नावांचे तुकडे, म्हणून दोन्हींना चालेल असा लहान तुकडा शोधायचा. चौकटींच्या वहीत ६ घरांची पट्टी काढा. अर्धी ३ घरं, तिसरा भाग २ घरं, मिळून ५ घरं, म्हणजे ५/६. गोल भाकरी काढू नका. हाताने गोलाचे तीन सारखे भाग होत नाहीत. आणि दोन्ही अपूर्णांक एकाच मापाच्या पट्टीवर दाखवा.

छेद सारखे करायला लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या) काढलाच पाहिजे असं नाही. ५/६ + ३/८ साठी छेद ४८ घेतला तर ४०/४८ + १८/४८ = ५८/४८, आणि २४ घेतला तर २०/२४ + ९/२४ = २९/२४. दोन्ही एकच. लसाविने फक्त आकडे लहान राहतात.

वजाबाकीत हातचा घेताना हमखास चूक होते. ३ पूर्णांक १/४ मधून १ पूर्णांक २/३ वजा करायचे, म्हणजे ३ पूर्णांक ३/१२ मधून १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून एक पूर्ण फोडायचा. त्याचे बारा तुकडे होतात, पण सवयीने दहा धरले जातात आणि १ पूर्णांक ५/१२ येतं. बरोबर असं: २ पूर्णांक १५/१२ वजा १ पूर्णांक ८/१२ = १ पूर्णांक ७/१२.

गुणाकाराचं चिन्ह 'चा, ची, चे' असं वाचायला शिकवा. ३/४ चे २/३ म्हणजे तीन पावांपैकी दोन पाव, म्हणजे अर्धा. काटाकाटी इथेच चालते. मध्ये अधिकचं चिन्ह असताना एकाचा अंश दुसऱ्याच्या छेदाशी काटणं ही मोठी चूक. अडीच गुणिले साडेतीन हे ६ पूर्णांक १/४ नव्हे. २×३ = ६, २×१/२ = १, १/२×३ = दीड, १/२×१/२ = पाव; चारही मिळून पावणेनऊ. जुन्या पाढ्यांत अडीचकी (अडीचचा पाढा), औटकी (साडेतीनचा पाढा) होत्या त्या याच कामासाठी.

भागाकारात "उलटा करून गुणा" हा नियम जुना आहे. भास्कराचार्यांच्या १२व्या शतकातल्या 'लीलावती'तही तो आहे. पण तो सगळ्यात शेवटी सांगा. आधी 'किती वेळा मावतो' असं विचारा. ३/४ ÷ २/३ समच्छेद केलं की ९/१२ ÷ ८/१२. तुकडे एकाच नावाचे झाले, म्हणून आता फक्त ९ ÷ ८, म्हणजे ९/८. वरचे ९ आले ३×३ मधून, खालचे ८ आले ४×२ मधून. उलटून गुणल्यावर हेच गुणाकार होतात.

एक गोष्ट मोठ्यांचीही चुकते. २ लिटर दूध पाऊण लिटरच्या भांड्याने मोजलं तर २ ÷ ३/४ = ८/३ = २ पूर्णांक २/३. मग उरलेलं दूध २/३ लिटर का? नाही, ते २/३ भांडं आहे. दोन भांड्यांत दीड लिटर गेलं, उरलं अर्धा लिटर, आणि अर्धा लिटर हे पाऊण लिटरचे २/३ च आहे. हे पाणी आणि मापाचं भांडं घेऊन ओट्यावर करून दाखवा.