नॉर्दर्न लाइट्सचे फोटो मोबाईलवर येतात का, की कॅमेरा न्यावाच लागतो? आणि फोटोतले ते रंग खरे असतात का?

मोबाईलचं नंतर सांगते. आधी तुमच्या प्रश्नाचं शेपूट धरते, कारण मी लिहायला बसले ती त्याच्यासाठीच. रंग खरे असतात. आमच्या घरात एवढ्या एका वाक्यावरून अजून धुसफुस चालू आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मी मूळची मिरजेची. थोरल्या काकांचा तिथे फोटो स्टुडिओ होता आणि कॅमेरा हातात धरायला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे नॉर्वेला, ट्रॉम्सोला जायचं ठरलं तेव्हा पहिला फोन त्यांना. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढायचा नाही, वाऱ्याने हलतो. आणि लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काही झालं तरी काढायचा नाही, काच जपायची. पहिली गोष्ट शंभर टक्के बरोबर. दुसरीकडे येतेच.

ट्रॉम्सो अरोराच्या (म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्याच) पट्ट्याच्या अगदी खाली आहे. तिथे अरोरा दिसायला मोठं सौर वादळ लागत नाही, केपी (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा ० ते ९ चा आकडा) २ असला तरी भागतं. लागतं ते मोकळं आकाश, आणि समुद्राकाठच्या गावात नेमकी त्याचीच बोंब. लोक दिवसभर ॲपवर केपीचा आकडा बघत बसतात. माझ्या मते ते ॲप काढून टाका आणि ढगांचा नकाशा बघा. आमच्या रात्रीही गावावर ढग दाटलेले होते. मिनीबसच्या गाइडने नकाशा पाहिला आणि गाडी आत शिबोटनच्या खोऱ्याकडे घातली. डोंगरांच्या आडोशाला असल्यामुळे तो भाग कोरडा राहतो, पुढे थोड्या अंतरावर फिनलंडची हद्द लागते. (स्वीडनमधलं आबिस्कोही याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. जमलं तर तिथे जा, ट्रॉम्सोपेक्षा गर्दीही कमी.)

गाडीतून उतरलो तेव्हा उणे १८ वगैरे होतं. उत्तरेला डोंगराच्या माथ्यावर एक राखाडी पट्टा दिसत होता. नवरा म्हणाला, "झालं! एवढं लांब येऊन इथेही ढगच." गाइड हसला आणि म्हणाला, त्या ढगाचा फोटो काढा. एफ २.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडं), आयएसओ ३२०० (उजेड टिपण्याची संवेदनशीलता वाढवलेली), शटर आठ सेकंद उघडं. मागच्या स्क्रीनवर तो ढग हिरवागार.

आणि त्या हिरव्याच्या मधोमध, एकात एक बसवलेली, फिकट-गडद अशी गोल गोल वर्तुळं. मला वाटलं लेन्सवर दव धरलं. गाइडने स्क्रीनकडे नजर टाकली आणि खुणेनेच सांगितलं, फिल्टर काढा. हातमोजा उतरवून ती कडी फिरवायची म्हणजे काय असतं ते तिथे गेल्यावरच कळेल, धातू बोटांना चावतो. फिल्टर निघाला, वर्तुळं गेली.

हे का होतं ते समजून घ्या, कारण काकांबरोबरच्या भांडणात माझा सगळ्यात पक्का मुद्दा हाच आहे. अरोराचा हिरवा रंग वातावरणातल्या ऑक्सिजनचा असतो, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरच्या. आणि तो म्हणजे ५५७.७ नॅनोमीटर, एकच तरंगलांबी. सपाट काचेच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांवर परावर्तन होऊन वर्तुळं तयार व्हायची शक्यता नेहमीच असते, पण साध्या उजेडात असंख्य तरंगलांब्या मिसळलेल्या असल्यामुळे ती एकमेकांत पुसली जातात. इथे प्रकाश एकाच तरंगलांबीचा, म्हणून ती उठून दिसतात. म्हणजे ती वर्तुळं उमटली याचा अर्थच असा की तो प्रकाश खरोखर शुद्ध हिरवा होता. मागाहून संगणकावर रंग भरून अशी वर्तुळं येत नाहीत.

मग डोळ्यांना राखाडी का दिसलं? कारण अंधारात आपण डोळ्यांतल्या दंडपेशींच्या जिवावर बघतो आणि त्यांना रंग कळत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जास्त उजेड लागतो. चांदण्यात लाल साडी काळी दिसते, म्हणून कोणी साडी खोटी म्हणत नाही.

तासाभराने आकाश फुटलं. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. तो पट्टा एकदम जागा झाला, त्याला उभ्या चुण्या पडल्या, आणि चुण्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळायला लागल्या. तेव्हा मात्र हिरवा रंग डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. खालच्या कडेला गुलाबी झालर होती, ती नायट्रोजनची. तीसुद्धा दिसली, नवऱ्यालाही दिसली आणि ग्रुपमधल्या एका आजोबांनाही, ज्यांनी जाडजूड टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती. वरचा लाल मात्र मला फक्त फोटोत सापडला. तो २०० किलोमीटरच्याही वरचा, विरळ हवेतला ऑक्सिजन. त्या लाल प्रकाशाला बाहेर पडायला अणूला मिनिटा-दोन मिनिटांची उसंत लागते, खाली दाट हवेत तेवढी मिळत नाही, मध्येच दुसऱ्या कोणाशी तरी टक्कर होते. म्हणून लाल नेहमी वर आणि हिरवा खाली. हा क्रमही मी ठरवलेला नाही.

गाडीत बसल्या बसल्या एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आमच्याकडे रात्रीचा दीड, मिरजेत सकाळचे सहा. काका उठलेलेच असतात. दोन मिनिटांत उत्तर आलं : "छान. रंग कोणी भरले?"

मी उणे १८ मध्ये बोटं बधिर करून घेतलेली, आणि हे!

आता काकांचं बोलायचं तर, माझ्या लहानपणी स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक उतरतं डेस्क होतं. त्याच्या मधल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड पाडायचा, आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे वण एकेक टिंब देऊन बुजवायचे. निगेटिव्हवर टिंब पडलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळ होते. काकांचा हात त्यात असा बसलेला होता की बाहेरगावची माणसं फोटो काढायला त्यांच्याकडे यायची. स्थळ दाखवायचे फोटो तर हमखास. शिवाय कृष्णधवल फोटोवर रंग चढवायचे, काडीला कापूस गुंडाळून. शालूचा रंग गिऱ्हाईकाला विचारून घ्यायचे, गालांचा मात्र स्वतःच्या मनाने. ते काका मला विचारतात, रंग कोणी भरले! ऑक्सिजनने भरले, काका.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, मागून बोलत नाहीये. परत आल्यावर मिरजेला गेले तेव्हा जेवणं झाल्यावर दोन तास हाच विषय चालला होता. त्यांचं म्हणणं, "डोळ्याला जे दिसलं नाही ते फोटोत आलं, म्हणजे तो फोटो नव्हे." मी म्हटलं, "मग तुमच्या लग्नाच्या फोटोंत फ्लॅश कशाला मारायचात? मांडवात तेवढा उजेड कुठे होता?" काकू आतून म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं." त्यावर काका म्हणाले की फ्लॅश वेगळा.

मी त्यांना कार्ल स्टॉर्मरचं उदाहरण दिलं. अरोराचा पहिला फोटो १८९२ चा, नॉर्वेतल्याच आल्टाजवळच्या बोसेकोपला मार्टिन ब्रेंडेलने काढलेला. स्टॉर्मर हा गणिताचा प्राध्यापक १९१० साली त्याच भागात गेला. त्याने कित्येक किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे मांडले, दोघांमध्ये टेलिफोन ठेवला आणि एकाच क्षणी दोन्हीकडून एकाच अरोराचा फोटो घ्यायचा असा प्रकार सुरू केला. मागचे तारे दोन्ही फोटोंत सारखे, पण अरोरा त्यांच्या तुलनेत सरकलेला. त्या सरकण्यावरून त्याने उंची मोजली. खालची कड १०० किलोमीटरच्या आसपास असते हे आज आपण जे सहज बोलतो, ते अशा मोजमापांवरून. फोटो खोटा असता तर आकडा खरा कसा निघाला असता? (हाच स्टॉर्मर विद्यार्थी असताना कपड्यांत लपवलेल्या कॅमेऱ्याने ओस्लोच्या रस्त्यावर लोकांचे नकळत फोटो काढायचा. नाटककार इब्सेनही त्यात सापडला आहे. हे ऐकून काका खूश झाले, मूळ मुद्दा तिथेच राहिला.)

वर्तुळंवाला तो बिघडलेला फोटोही दाखवला, सगळं शास्त्र सांगितलं. म्हणाले, "फिल्टर स्वस्तातला घेतला असशील."

आणि खरा राग मला याचा येतो. १० मे २०२४ च्या रात्री ते मोठं वादळ आलं, २००३ नंतरचं पहिलं जी-५ म्हणजे सर्वोच्च दर्जाचं, तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचा लाल प्रकाश टिपला. तो फोटो ग्रुपवर कोणी टाकला? काकांनी! "आपल्या लडाखमध्ये", पुढे तीन हात जोडलेले. अहो, हानले ३३ अंश उत्तर अक्षांशाच्याही खाली. तिथून अरोराचा फक्त वरचा लाल भाग क्षितिजापलीकडून डोकावतो, हिरवा खालीच राहतो, आणि असा क्षितिजालगतचा लाल उजेड डोळ्यांना जेमतेम जाणवतो. तो कॅमेऱ्याचाच पराक्रम. पण पेपरात छापून आला म्हणून तो खरा आणि पुतणीने काढला म्हणून रंगवलेला.

असो. आता एक गोष्ट, जी काकांना सुचायला हवी होती पण सुचली नाही. फोटोत खोटेपणा असतोच, पण तो रंगात नसतो, शटरमध्ये असतो. अरोरा नाचत असताना पंधरा-वीस सेकंद शटर उघडं ठेवलं की सगळ्या चुण्या एकात एक मिसळून हिरवा लगदा होतो. तसा आकार आकाशात एका क्षणालाही नव्हता. नेटवरचे निम्मे "भव्य" फोटो असे असतात, सगळं आकाश गुळगुळीत हिरवं. माझं मत विचाराल तर ते फोटो चुकीचे आहेत, रंग कितीही खरे असोत. पट्टा निवांत असेल तर आठ-दहा सेकंद ठीक. हलायला लागला की दोन ते चार, त्याच्यावर नाही. आयएसओ ६४०० करावा लागला तर करा, फोटो रवाळ झाला, दाणे आले तर येऊ द्यात. दाणे परवडले, लगदा नको.

फोकस हाताने, एखाद्या ठळक ताऱ्यावर, स्क्रीनवर मोठा करून. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. आणि एकदा जमला की तिथे चिकटपट्टी लावा. स्टॅबिलायझर बंद. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला धरायचा ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको, प्रत्येक फोटोचा हिरवा वेगळा येतो. ३५०० ते ४००० केल्व्हिनमध्ये एकदा ठरवा आणि हलवू नका. फोटो उजेडाला आला का ते हिस्टोग्रामवर (फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखावर) बघा, अंधारात स्क्रीन नेहमीच फसवा उजळ वाटतो. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. आणि गाडीत किंवा हॉटेलात शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा, नाहीतर उबेत आल्या आल्या काचेवर पाणी धरतं. कृपा करून फ्लॅश बंद ठेवा. आमच्या गाडीत एकाच्या मोबाईलचा फ्लॅश दर फोटोला चमकत होता आणि शेवटी गाइडने त्याला गाडीमागे उभं केलं.

एक मात्र काकांच्या बाजूने सांगायला हवं. व्हाइट बॅलन्स जसा धराल तशी हिरव्याची छटा बदलते, पिवळसरही होते आणि निळसरही. हिरवा खरा, पण नेमका कोणता हिरवा हे थोडं तुमच्या हातात राहतं. आणि सॅच्युरेशन ओढून बर्फसुद्धा पोपटी करणारे लोक आहेतच, त्यांची बाजू मी घेत नाहीये.

हां, मोबाईल. येतात फोटो, गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनवर नाइट मोडमध्ये चांगले येतात. ट्रायपॉडवर फोन स्थिर आहे हे कळलं की तो स्वतःहून वेळ वाढवत नेतो. तो हाताने तीन सेकंदांवर ओढून आणा, वर सांगितलेल्या कारणासाठी. टायमर लावा, बोटाने हलतो. अरोरा मंद असेल तर मात्र वाढवलेला वेळच उपयोगी. ग्रुपवर टाकायला आणि पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढायला पुरतो, भिंतीवर मोठा लावायचा असेल तर कॅमेरा. फक्त या एका सहलीसाठी नवा कॅमेरा विकत घेऊ नका. त्या पैशात तिथे आणखी दोन रात्री राहा, ढगांचं काही सांगता येत नाही. सप्टेंबर ते मार्च कधीही जा, उन्हाळ्यात जाऊ नका, रात्रच होत नाही. आणि पौर्णिमा टाळा असं सांगणारे भेटतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. चंद्राच्या उजेडात बर्फ आणि डोंगर फोटोत छान उठतात, जोरदार अरोरा त्याने झाकला जात नाही.