यकृतातली लहान गाठ जाळायला एक सुई बरी की तीन?

भाऊ, तुमच्या वडिलांना सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाण्याचा आजार) आहे, यकृतात २.३ सेंमीची एकच कॅन्सरची गाठ आहे, आणि एक डॉक्टर एका सुईचं आरएफए (सुईतून करंट सोडून उष्णतेने गाठ जाळणं) सांगतात, तर दुसरे तीन सुयांचं 'नो-टच'. मी जळगावला रेडिओलॉजिस्ट आहे. तुमच्या वडिलांचा सीटी मी पाहिलेला नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

माझ्या मते सुया मोजण्यापेक्षा गाठीच्या शेजारी काय आहे ते आधी विचारा.

गाठ पूर्ण जळायला तिच्याभोवती निदान ५ मिमी निरोगी यकृतही जळावं लागतं. म्हणजे २.३ च्या गाठीला ३.३ सेंमीचा गोळा हवा. ३ सेंमी टोकाची, आतून थंड पाणी खेळवलेली सुई १२ मिनिटांत साधारण ३ सेंमीच्या आसपास जाळते. थंड पाणी कशाला? आपल्याकडे भरताचं वांगं मोठ्या जाळावर धरलं तर साल कोळसा होते आणि गर कच्चा राहतो, तसंच इथे. तापमान १०० अंशांच्या वर गेलं की सुईलगतचं मांस करपतं आणि करंट पुढे जात नाही. त्यामुळे एका सुईने करणारे डॉक्टर जागा बदलून पुन्हा जाळतात. हात बसलेला असेल तर तेही उत्तम होतं. काही सुयांच्या टोकातून तारा फाकतात, त्यांचाही हेतू गोळा मोठा करायचा हाच.

नो-टचमध्ये सुया गाठीत न घालता तिच्या कडेने घालतात आणि बाहेरून आत जाळत येतात. गाठीला टोचायचं नसल्याने पेशी सुईच्या वाटेवर सांडायची भीती कमी, आणि भोवतीची निरोगी कड चांगली जळते. मात्र भोवती पुरेसं यकृत लागतं, आणि निरोगी भागही जास्त जातो. सिरॉसिसमध्ये हा हिशोब महत्त्वाचा.

गाठीला ३ मिमीहून मोठी रक्तवाहिनी खेटून असेल तर वाहतं रक्त उष्णता ओढून नेतं आणि तेवढी कड कच्ची राहते. अशा वेळी मी अनेक सुयांच्या बाजूने झुकेन, किंवा मायक्रोवेव्हचं, म्हणजे करंटऐवजी सूक्ष्मलहरींनी जाळायच्या पद्धतीचं, विचारेन. त्यावर या थंडाव्याचा परिणाम कमी होतो. मुख्य पित्तनलिकेजवळ मात्र कुठलीच पद्धत बिनधास्त नाही.

गाठ आतड्याला किंवा डायफ्रॅमला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) लागून असली तर मध्ये पाणी सोडून जागा करतात. तेही ५% डेक्स्ट्रोज, सलाइन नाही, कारण सलाइनमधून करंट जातो. हे विचाराल तर डॉक्टरांचा सराव किती ते लगेच कळेल.

पेसमेकर असेल तर आधी सांगा. जाळल्यावर महिन्याभराने कॉन्ट्रास्टचा सीटी किंवा एमआरआय करायचाच, कारण कड सुटली असेल तर ती तिथेच दिसते. दुसरं मत घ्यायला मुंबईला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, ट्रिपल फेज सीटीची (कॉन्ट्रास्ट दिल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी काढलेल्या सीटीची) सीडीही न्या.